पूजा झालेली फाईल

ऑफिसात एकट्या बसणाऱ्या माणसाजवळ किस्से जास्त साचतात. चौघांत बसणारा माणूस काही घडलं की चहाबरोबर सांगून मोकळा होतो. मी बसते मागच्या खोलीत. काहीतरी घडतं, मी दचकते, सांगायला म्हणून वळते, तर मागे कपाट! मग तो किस्सा तसाच आत राहतो. गेल्या दसऱ्यानंतर एक घोळ झाला, त्या एका घोळातलेच इतके साचलेत की आज सांगून टाकते.

शहाद्यात आमच्या संस्थेचं छोटं केंद्र आहे, सिकलसेलच्या पेशंटसाठी. हा रक्ताचा आजार, आई-बापाकडून मुलांत येतो. सातपुड्याच्या पाड्यांवरून माणसं येतात, त्यांचं कार्ड छापून निघतं, कार्डावर असेल तशा गोळ्या मिळतात. कार्डावर काय छापायचं ते कॉम्प्युटरातल्या नोंदीवरून ठरतं आणि त्या नोंदी करते मी. बीसीए झाले तेव्हा वाटायचं, माणसांशी बोलायचं काम नको बाई, मशीन बरी. मिळाली मशीन!

*

पहिली खटकलेली गोष्ट अगदी किरकोळ होती. एक रफ कागद.

आमचे हेडक्लार्क नाना कागद टाकू देत नाहीत. एका बाजूने छापलेले सगळे कागद दोरीने बांधून माझ्याकडे पाठवतात, रफ कामाला. मंगळवारी सकाळी मी त्यातला एक ओढला, काहीतरी बेरीज करायची होती. मागे बघितलं तर आदल्या दिवशीची गोळ्या वाटपाची यादी. चौथी ओळ: मोगरीबाई, वय बावीस, गोळी चालू, दोन महिन्यांच्या दिल्या.

मी ती ओळ तीनदा वाचली. कारण मोगरीबाईंच्या नावापुढे ‘बंद’ मी स्वतः टाइप केलं होतं!

आमच्या डॉक्टर मॅडम धुळ्याहून आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात. आदल्या गुरुवारी मोगरीबाई तपासणी करून गेल्या आणि रिपोर्ट संध्याकाळी आला. मॅडमनी मला रस्त्यातून ऑफिसच्या फोनवर सांगितलं, “मोगरीला दिवस गेलेत. पोटात बाळ असताना ती गोळी चालत नाही. लगेच बंद टाक. सोमवारी ती गोळ्या घ्यायला येईल, कार्डावर ‘बंद, डॉक्टरांना भेटा’ असं आलं की तिला कळेल. मी तिला तसंच सांगून ठेवलंय, गोळी बंद झाली तर समज, आहे. आणि हे बघ, तिने घरी कुणाला सांगितलेलं नाही. आधी दोनदा सांगितलं आणि दोनदा राहिलं नाही. तेव्हा कारण लिहू नकोस.”

मी फक्त ‘बंद’ लिहिलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडून बघितलं. मी सगळं पुन्हा उघडून बघते. घराचं कुलूपसुद्धा.

कागद घेऊन मी काउंटरवर पळाले. काउंटर शबानाबाजींकडे. वीस वर्षं गोळ्या वाटतायत, निम्म्या पेशंटना चेहऱ्याने ओळखतात.

“बाजी, मोगरीबाईंना गोळ्या दिल्या?”

“हो. दोन महिन्यांच्या एकदम. ऊसतोडीला गुजरातला चाललेत म्हणाली, रात्रीच्या पिकअपने. का गं?”

“कार्डावर काय आलं?”

“चालू. बघ ना.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. चालू!

मी त्यांना हाताला धरून माझ्या खोलीत नेलं आणि माझा स्क्रीन दाखवला. बंद!

बाजी दारात उभ्या राहून एकदा माझ्या स्क्रीनकडे, एकदा बाहेर आपल्या टेबलाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ती कार्ड हातात घेऊन लई वेळ उभी होती. मला वाटलं, वाचता येत नाही. म्हणून मीच सांगितलं, बेटा, काही बदल नाही, चालूच आहे. पदर तोंडाला लावून निघून गेली.”

म्हणजे माझ्या कॉम्प्युटरने तिला सांगितलं होतं, बाळ नाही!

मी तिच्या नवऱ्याचा, खेत्याचा नंबर लावला. फोन बंद.

*

तुम्ही म्हणाल, काउंटरवर एक आणि तुझ्याकडे दुसरंच, हे कुणाला दिसलं कसं नाही? त्यासाठी माझी खोली माहीत पाहिजे.

माझी खोली म्हणजे जुनी एक्स-रे रूम. एक्स-रेचं मशीन गेलं, खोली राहिली. दाराला आतून शिसं. ते दार बंद झालं की बाहेर बँड वाजला तरी ऐकू येत नाही. खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. आणि कुणी एकदम दार ढकललं की मी किंचाळते. मुद्दाम नाही करत, आपोआप होतं! एकदा चहावाल्याचा ट्रे पडला. मग नानांनी नियम काढला, आत जायच्या आधी तीनदा खोकायचं.

झालं! नाना येताना खोकायचे, बाजी खोकायच्या, चहावाला तर दहा फुटांवरून सुरू करायचा. पंधरा दिवसांनी मी सकाळी दार उघडलं तर बाहेर नऊ माणसं ओळीने बसलेली. पहिली आजी उठली, माझ्या तोंडासमोर जोरात खोकली आणि म्हणाली, “असा येतो, बाई. रातभर.”

मागचा एक जण आतुरतेने खोकून वाट बघत होता. सगळ्यांनी बघितलं होतं ना, या दारासमोर मोठी मोठी माणसं येऊन खोकतात. म्हणजे खोकल्याची तपासणी इथेच!

नाना हसून हसून भिंतीला टेकले, आपल्या अहिराणीत म्हणाले, “पोरी, तुन्ही तं ओपीडी चालू व्हई गयी!”

खोकण्याचा नियम त्या दिवशी संपला. त्याऐवजी कागद दाराच्या फटीतून सरकवायचे ठरलं. मला दचकायला नको, त्यांना खोकायला नको. तेव्हापासून माझ्या खोलीत कुणी येत नाही. खरं सांगू? त्या नऊ माणसांचं मला बरं वाटलं होतं. आजीला मी गरम पाणी दिलं. बसली थोडा वेळ.

मंगळवारी मात्र मी दर दहा मिनिटांनी दार उघडून बाहेर पळत होते, कारण रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. खेत्याचा फोन बंद. बंद. बंद.

*

आता दोन कॉम्प्युटरवर दोन गोष्टी कशा दिसू शकतात, ते सांगते. हा किस्सा त्याआधीचा, पण इथेच बसतो.

आमचं सॉफ्टवेअर दोन तुकड्यांत आहे. समोर दिसतात ते नुसते फॉर्म आणि बटणं, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळे. खऱ्या नोंदींची फाईल एकच, ती नानांच्या टेबलाखालच्या मशीनवर. फॉर्मला त्या फाईलचा पत्ता दिलेला असतो, त्याला लिंक म्हणतात. पत्ता चुकला की लिंक तुटली.

पूर्वी ती फाईल बाहेरच्या डिस्कवर असायची, पत्ता होता ई ड्राइव्ह. एके सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच मेसेज, फाईल सापडत नाही! बाहेर साठ पेशंट. मी नानांच्या टेबलाखाली शिरले. बघते तर डिस्कच्या आधी कुणीतरी पेनड्राइव्ह लावलेला, त्यामुळे ई अक्षर त्याला मिळालेलं. उघडला. आत शबानाबाजींच्या भाचीच्या लग्नाचे बाराशे फोटो! बिचारं सॉफ्टवेअर सकाळपासून वलीम्याच्या पंगतीत पेशंट शोधत होतं.

मी बाजींना म्हटलं, “बाजी, हे काय हो!”

बाजी शांतपणे म्हणाल्या, “तो क्या हुआ? आधा तालुका था शादी में. ढूँढ, मिल जाएँगे!”

त्यानंतर मी फाईल मशीनमध्येच हलवली, पत्त्यात मशीनचं नाव घातलं आणि सगळ्यांच्या लिंक नव्याने जोडल्या. नानांना पण शिकवलं. मी रजेवर असताना तुटली तर? लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा, सगळ्यांवर टिक करा, नवी फाईल दाखवा, ओके. सात पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. नानांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला!

सात पायऱ्या लिहिताना आठवी सुचली नाही: हे मला विचारल्याशिवाय करू नका.

*

तर मंगळवारी मी काउंटरच्या कॉम्प्युटरवर टेबलाच्या नावावर माऊस नेला. तिथे फाईलचा पत्ता दिसतो. पत्त्यात मी न दिलेलं एक फोल्डर होतं. त्याचं नाव, ‘श्री’.

“नाना,” मी म्हटलं, “हे श्री काय आहे?”

नानांचा चेहरा उजळला! “ती आपली पूजावाली फाईल.”

मग कळलं. पूर्वी आमच्याकडे पेशंटचं मोठं रजिस्टर असायचं. दर दसऱ्याला नाना त्याची पूजा करायचे, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातच लिहायचं. कॉम्प्युटर आल्यावर त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. स्क्रीनला हळद-कुंकू लावलं की मीच ओरडायचे. यंदा त्यांनी मला सहज विचारलं होतं, “पोरी, यामा खरी वही कोठे शे?” मी हौसेने दाखवली होती ना! ही बघा नाना, समोर दिसतं ती नुसती खिडकी, वही ही.

दसऱ्याच्या दिवशी मी नवापूरला घरी. नानांनी वहीची, म्हणजे फाईलची, कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह ताम्हनात ठेवला, झेंडू, हळद-कुंकू, आपट्याची पानं, सगळं यथासांग. आणि पूजा झाल्यावर ती फाईल श्री नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून, लॅमिनेट केलेला कागद समोर धरून, सगळ्यांच्या लिंक तिला जोडून दिल्या.

“पण का, नाना?”

नाना माझ्याकडे बघतच राहिले. “पूजा व्हयेल वही बाजूले ठेवतस का कोनी?”

“आणि माझा कॉम्प्युटर?”

“तुन्हा दरवाजाले कुलूप व्हतं.”

म्हणजे बाहेरचे सगळे पूजेच्या फाईलवर, मी एकटी जुन्या फाईलवर. लिंक तुटली असती तर मेसेज तरी आला असता. इथे सगळं कसं छान चालू! मी लिहितेय, सेव्ह होतंय. अकरा दिवस मी अशा वहीत लिहीत होते जी माझ्याशिवाय कुणी उघडतच नव्हतं.

“बाजी, अकरा दिवस माझी एकही नोंद तुम्हाला दिसली नाही! तुम्हाला काही वाटलं नाही?”

बाजींनी गोळ्या मोजता मोजता वर बघितलं. “हमको लगा तू गाँव गई है. दिवाळीपर्यंत.”

मी रोज साडेनऊला त्यांच्या समोरून आत जात होते!

*

डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या रागावतील म्हणून मी आधी वाक्य लिहून काढलं आणि तरी ते चुकीचं वाचलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्याने जास्त भीती वाटली.

“गोळी दोन दिवसांत थांबली तर बरं,” त्या म्हणाल्या. “मीही लावते फोन, पण मी ओपीडीत आहे. तू सोडू नकोस. आणि माहीत आहे ना, तिलाच सांगायचं. दुसऱ्या कुणाला नाही.”

“हो मॅडम.”

“आणि तिला सांग, आहे. हे आधी सांग. मग गोळीचं.”

*

लिंक दुरुस्त करायला हवीच होती, नाहीतर आणखी चुकीची कार्डं निघाली असती. पण आधी माझ्या अकरा दिवसांच्या नोंदी दोन्ही फाईलींत ताडून बघायच्या होत्या. त्रेचाळीस नोंदी. मी वाचायची, नानांनी त्यांच्या स्क्रीनवर बघायचं.

एरवी नाना नोंद वाचताना पेशंटच्या गावावरून त्याच्या मामापर्यंत जातात. त्या दिवशी नुसतं “हं” म्हणत होते. बदललेले फोन नंबर, नवा पत्ता, रक्ताचे रिपोर्ट. बेचाळीस नोंदींत काही वाकडं झालेलं नव्हतं. मोगरीबाईंची आली तेव्हा नानांनी चष्मा काढला.

“मन्हामुये व्हयनं का हाई?”

‘तुमच्यामुळे झालं’ असं म्हणू कसं? म्हटलं, “नाना, लिंक कशी जोडायची ते मीच शिकवलं तुम्हाला.”

“शिकाडं तू. करं मी.” मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. चहा आला, तो घेतला नाही. आमच्या नानांनी चहा परत पाठवला, ही बातमी दहा मिनिटांत गेटपर्यंत गेली!

बाजींची लिंक जुन्या फाईलला जोडताना घाईत माझ्याकडून पत्त्यातली एक तिरकी रेघ राहिली. बाजींच्या स्क्रीनवर धाडकन मेसेज, फाईल सापडत नाही! मी दचकून मागे सरले आणि नानांच्या पायावर खुर्चीचं चाक. ते “माय वं!” म्हणून ओरडले, त्याने मी आणखी दचकले. काउंटरच्या खिडकीतून एक पेशंट बाजींना विचारत होता, “मॅडमला पण सिकलसेल आहे का?”

दुसऱ्या वेळी जोडली, लागली. सगळे कॉम्प्युटर एकाच फाईलवर आणायचे होते. पण प्रश्न असा, कुठल्या? मला जुनी हवी होती, तिचा पत्ता सरळ होता. नाना नुसते बघत राहिले, त्या श्री फोल्डरकडे. अंगाऱ्याची पुडी कचऱ्यात पडताना बघावं तसे.

मी सगळ्या नोंदी श्रीमध्ये टाकल्या, बाजींची लिंक परत तिकडे वळवली आणि माझा कॉम्प्युटरपण तिथेच जोडला.

नानांनी विचारलं, “जुनी ती?”

“तिचं नाव बदललं, नाना. कुणी उघडणार नाही.”

“बिचारी,” नाना म्हणाले.

का कोण जाणे, मला त्या फाईलचं रडू आलं. टाकीपाशी जाऊन आले. फोन बंद.

*

संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाईलच्या यादीत बावीस वेळा खेत्या. त्याच्या खाली आदल्या आठवड्याचे कॉल: आई, आई, गॅसवाला, आई. इतक्या वेळा मी आयुष्यात कुणाला फोन केला नसेल.

चार वाजल्यापासून एक बदल झाला होता. ‘फोन बंद आहे’च्या जागी आता गुजराती बाई बोलायला लागली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं सांगायला. म्हणजे गाडी सीमेपलीकडे पोचली! नवापूरच्या माणसाला गुजराती परकं नाही. ती बाई इतकी गोड बोलायची की सहाव्या-सातव्या वेळी मी तिला “हो, कळलं” म्हणून उत्तर दिलं. टाकीवर कळशी भरणाऱ्या मावशींनी ऐकलं.

“कोणी उचलला का, ताई?”

“नाही. मशीन आहे.”

मावशी कळशी कमरेवर घेऊन जाताना बघत होत्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी बाजींनी विचारलं, “बेटा, तू ठीक तो है ना? मावशी कहती है, तू मशीन से बात करती है.”

*

आमचे फील्डवर्कर दितेसिंगदादा धडगावच्या बाजूचे, मोगरीबाईंसारखेच पावरा आदिवासी. बुधवारी सकाळी ते तोरणमाळच्या घाटातून मोटरसायकलवर खाली आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मी सांगत असताना ते हेल्मेट घालूनच उभे होते.

“यंदा मुकादम नवा आहे. त्याचा नंबर नाही माझ्याजवळ. पाड्यावर विचारायला माणूस पाठवला, पण तो येईल उद्या.”

“उद्या?”

“फोन तर एकच असतो, ताई. खेत्याचा. दिवसभर सगळे उसात, फोन झोपडीत चार्जिंगला, आणि त्याची म्हातारी आई राखणीला. म्हातारी फोनला हात लावत नाही.”

“का?”

“एकदा लावला तर बाई बोलली, गाणं पाहिजे तर एक दाबा. हिने घाबरून सगळंच दाबलं. महिनाभर खेत्याला फोन केला की भक्तिगीत!”

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

दादांनी मग मला पावरीत एक वाक्य शिकवलं. डॉक्टरीण बाईंचा निरोप आहे, मोगरीला फोन द्या आणि तिला बाजूला जाऊन बोलू द्या, एवढंच. मी ते रफ कागदावर लिहून घेतलं. दादांनी माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळी म्हणाले, “समजेल. पण लोकांना वाटेल, शाळेच्या बाई आल्या.”

“दादा, तुम्हीच बोला ना. तुमची भाषा.”

त्यांनी हेल्मेट काढलं. “मी पुरुष माणूस, त्यांच्याच नात्यातला. मी मोगरीला एकटीला फोनवर बोलवलं, तर झोपडीत काय होईल? तुम्हीच बोला. घाबरू नका. तुम्ही घाबरल्या की आवाज असा बारीक होतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी वाईट झालं.”

*

अकरा वाजता पहिल्यांदा रिंग गेली.

दोन दिवस ‘बंद’ आणि ‘बाहेर’ ऐकून ऐकून रिंग कशी वाजते तेच विसरले होते. इतकी दचकले की मोबाईल टाकीच्या चिखलात! उचलला, ओढणीला पुसला, पुन्हा लावला. पूर्ण रिंग गेली. कुणी उचलला नाही. पुन्हा. पूर्ण रिंग. झोपडीत म्हातारी फोनकडे बघत बसलेली मला दिसत होती. हात न लावता.

मी लावतच राहिले. तेहतीस. चौतीस. बाजी काउंटर सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात गोळ्यांची पट्टी तशीच. नाना टाकीपासून थोडे लांब, कडूनिंबाखाली. जवळ येत नव्हते. दितेसिंगदादा मोटरसायकलवर बसून राहिले. एवढी माणसं माझ्याबरोबर कधीच उभी नव्हती, आणि मला त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. आज सकाळीही तिने ती गोळी घेतली असणार. उद्याही घेईल.

छत्तीस. अडतीस.

एकोणचाळिसाव्या वेळी मधेच एंगेज लागला. कुणीतरी हातात घेतला होता!

बाजी म्हणाल्या, “पानी पी ले. मग लाव.”

मी नाही प्यायले. चाळिसावा पूर्ण वाजला. एक्केचाळिसावा वाजत वाजत संपत आला, मी सवयीने अंगठा लाल बटणाकडे नेला, आणि रिंग थांबली.

कुणीतरी उचलला होता.

आधी नुसता वारा. मग कळलं, वारा नाही, माणसांचे श्वास आहेत. पुष्कळ माणसांचे. एक लेकरू रडत होतं, त्याला कुणीतरी गप्प केलं. कोयता जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, त्यामागून आणखी एक, आणखी एक. मी रफ कागद डोळ्यासमोर धरला. पावरीतलं पहिलं अक्षरच दिसेना.

“हॅलो,” मी म्हटलं. आवाज बारीक आला.

पलीकडून एक म्हातारा माणूस बोलला, मराठीत, एक-एक शब्द जपून ठेवत.

“बाई, आम्ही ऊस टाकून आलो. सगळी टोळी बसली. फोन मोठ्या आवाजात लावला. खेत्या बसला, मोगरी बसली. एवढे फोन केले तू. आता सांगून टाक, बाई. कोण मेलं?”